जिवाणू खूश, यकृत ढिम्म

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर 'ग्रेड वन फॅटी लिव्हर' अशी ओळ उमटली की आपला सुशिक्षित माणूस आधी काय सोडतो? काहीच नाही. तो काहीतरी सुरू करतो. सोडण्यात कसली आलीय प्रतिष्ठा! सध्या सुरू करण्याजोगी सर्वांत भारदस्त वस्तू म्हणजे प्रोबायोटिक कॅप्सूल. वर 'गट-लिव्हर अ‍ॅक्सिस' असं पुटपुटायचं, की समोरचा गारच.

अ‍ॅक्सिस खोटा नाही हो. आतड्यांतलं रक्त पोर्टल व्हेनमधून थेट यकृतात जातं आणि आतड्याचं अस्तर ढिलं पडलं की जिवाणूंची विषारी द्रव्यंही त्याच वाटेनं पोचतात. २०१९ मध्ये चिनी संशोधकांनी रुग्णांच्या पोटात मद्यार्क तयार करणारे क्लेब्सिएला जिवाणू दाखवले. ते उंदरांना दिले तर उंदरांच्या यकृतांत चरबी साचली. पोटातच हातभट्टी, ना हप्ता ना धाड! शास्त्र म्हणून बहारदार. पण वाट आहे म्हणून तुमची कॅप्सूल तिथे जाऊन कामगिरी फत्ते करून येते, हे कुणी सांगितलं?

कारण इंग्लंडात साउदॅम्प्टनला हे तपासून झालंय. १०४ रुग्ण; काहींना सुमारे वर्षभर बायफिडोबॅक्टेरियम आणि त्यांच्या खुराकाचे तंतू, बाकीच्यांना नुसतं प्लासिबो. निकाल २०२० मध्ये छापून आला. विष्ठा तपासली तर आतड्यातली वस्ती खरंच बदललेली. एमआर स्कॅन करून यकृत पाहिलं, तर चरबी कमी होण्यात प्लासिबोपेक्षा काडीचाही फरक नाही. पाहुणे आले, राहिले, रमले. यजमानाला पत्ताच नाही.

मग युक्तिवाद येतो: 'अहो, इतर अभ्यासांत एएलटी उतरलंय!' रक्तातलं हे यकृताचं एन्झाइम उतरलंय की, थोडंसं. मूठभर माणसं, काही आठवडे, प्रत्येक ठिकाणी निराळे जिवाणू आणि निराळी मात्रा. एवढ्या पुंजीवर आणखी अभ्यास मागावा, हे रास्तच. दरमहा पैसे मागावेत?

आकड्यांचा थाट तर विचारू नका. एका कॅप्सूलमध्ये म्हणे हजार कोटी जिवाणू! ऐकूनच दडपायला होतं. तुमच्या शरीरात आधीपासून साधारण ३८ लाख कोटी नांदताहेत, बहुतेक मोठ्या आतड्यात. म्हणजे प्रत्येक नवागताला सुमारे ३८०० मूळ रहिवासी. भाडेकरूनं कार्यकारिणी बरखास्त करायला निघावं, तसा हा आवेश. आवेश जुनाच आहे. आंबट दुधातल्या जिवाणूंनी म्हातारपण लांबवायचा सिद्धान्त मांडणारे मेचनिकॉफ १९०८ चे नोबेलविजेते, मोठाच माणूस. वर्षानुवर्षं आंबट दूध पिऊन ७१व्या वर्षी गेले.

आणि यकृतातली चरबी कशानं उतरते, हे काही गुपित नाही. वजन पाच टक्के घटलं तरी ती कमी होऊ लागते. सात ते दहा टक्के घटलं तर सूजही ओसरण्याची चांगली शक्यता. ८० किलोच्या गृहस्थांनी सहा-आठ किलो उतरवायचे. याला ना ब्रँड, ना डबी, ना कमिशन. म्हणून याची जाहिरातही नाही. उलट बाजारात गोड प्रोबायोटिक पेयं आहेत! जादा साखरेतल्या फ्रुक्टोजपासून यकृत चरबी बनवतं, आणि त्याच यकृताच्या भल्यासाठी हे महाशय साखरेचं पाणी जिवाणूंसकट पितात. पथ्य आणि कुपथ्य एकाच घोटात, वेळेची केवढी बचत!

रेसमेटिरॉम या फॅटी लिव्हरवरच्या औषधाला २०२४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, ती शेकडो रुग्णांच्या यकृताचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली दाखवल्यावर. तीही यकृतात तंतू धरलेल्या रुग्णांपुरती, आणि आहार-व्यायामाच्या जोडीनं. कॅप्सूलला असली दगदग नाही. ती आहारपूरक. अन्न-नियामक एफएसएसएआयच्या नियमानुसार अशा डबीवर 'औषधी वापरासाठी नाही' या अर्थाची ओळ छापावी लागते. चष्मा लावून शोधा. अख्ख्या डबीवर पुराव्याला धरून असलेलं तेवढंच एक विधान आहे.