लोखंड जुनं चालेल, दगड नको

मंडळी, शनिवार-रविवार लोक ट्रेकला जातात, मॉलमध्ये जातात, निदान झोपा तरी काढतात. मी जुने बेंच ग्राइंडर शोधत फिरतो. पाच दिवस स्क्रीनवरच्या, हाताला न लागणाऱ्या गोष्टी दुरुस्त केल्या की उरलेले दोन दिवस हात काळे करावेसे वाटतात, एवढंच त्याचं समर्थन. सध्या घरात तीन आहेत. (घरात म्हणजे गॅलरीत. आत आणायची परवानगी नाही.)

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: मधे मोटर, तिच्या दांड्याच्या दोन्ही टोकांना एकेक दगडी चाक आणि खाली बिडाचा जड पाया. रस्त्यावरचा धारवाला पायाने चाक फिरवतो ना, त्याचाच हा विजेवर चालणारा भाऊ. ड्रिल बिट, छिन्नी, पटाशी, विळी, सगळ्यांना धार लावतो. पुण्यात मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात कधीतरी दिसतो, नाहीतर एखादं छोटं वर्कशॉप बंद झालं की भंगारवाल्याकडे किलोच्या भावाने येतो.

आता मुद्दा. या छंदातल्या लोकांचं एक आवडतं वाक्य आहे: "हल्ली अशी मशिनं बनतच नाहीत." मला ते पटत नाही. पन्नास वर्षांपूर्वीही टाकाऊ ग्राइंडर बनत असणारच. ते केव्हाच वितळून गेले. आपल्यापर्यंत पोचले ते टिकलेले. दहा वर्षं चालणारा कोड बघून "जुने प्रोग्रॅमर काय भारी होते" म्हणण्यासारखंच झालं. डिलीट झालेला कोड कोण मोजतो?

मग मी जुने का घेतो? कारण ते उघडता येतात. चार स्क्रू काढले की झाकण निघतं. आत एक रोटर, एक वाइंडिंग, एखादा कपॅसिटर आणि दोन बेअरिंग. बेअरिंगवर नंबर असतो, समजा ६२०३. म्हणजे आतला व्यास १७ मिलिमीटर, बाहेरचा ४०, जाडी १२. हा नंबर कोणत्याही कंपनीच्या मालकीचा नाही. ग्राइंडर बनवणारी कंपनी बुडाली असेल, विकली गेली असेल, काही फरक पडत नाही. बेअरिंगच्या दुकानात जाऊन "६२०३ द्या" म्हणायचं. वाइंडिंग जळलं असेल तर मोटर रिवाइंड करणारा गल्लीत सापडतो. आमच्या धंद्यात ज्याला स्टँडर्ड इंटरफेस म्हणतात, तो हाच. आजचा एखादा ग्राइंडर असाच उघडता येत असेल तर मला तोही तितकाच आवडेल. किंमत वयाची नाही, उघडता येण्याची आहे.

आणि काही युक्त्या तर बघत राहाव्यात अशा. डावीकडच्या चाकाच्या नटाला उलटे आटे असतात. का? तर चाक फिरताना नट सैल न होता घट्ट होत जावा. सेन्सर नाही, सेटिंग नाही, नुसती आट्यांची दिशा.

पण इथेच माझं इतर संग्राहकांशी वाजतं. बरेच जण ग्राइंडर 'ओरिजिनल' ठेवतात. मूळ वायर, मूळ दोन पिनांचा प्लग आणि मूळ दगडसुद्धा! शोकेसमध्ये ठेवणार असाल तर खुशाल ठेवा. चालवणार असाल तर हे ओरिजिनलपण जिवावर बेतू शकतं.

जरा गणित करू. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर दोन पोलची मोटर मिनिटाला साधारण २८५० फेरे मारते. ६ इंची चाक लावलं तर कडेचा वेग सेकंदाला सुमारे २२ मीटर, म्हणजे ताशी ८० किलोमीटर. चाक फुटलं तर तुकडे त्याच वेगाने निघतात आणि समोर तुमचा चेहरा असतो. नेहमीच्या चाकांवर सेकंदाला ३५ मीटरच्या आसपास मर्यादा छापलेली असते. गार्ड काढून त्याच दांड्यावर कुणी १० इंची चाक बसवलं, तर वेग ३७ वर जातो. मर्यादा ओलांडली.

त्यामुळे माझा नियम साधा आहे. लोखंड जुनं चालेल, दगड नको. जुनं चाक किती वेळा पडलंय, किती पावसाळे भिजलंय, काही कळत नाही. आपल्याकडे उरणजवळ मोरा इथे ग्राइंडवेलने १९४१ मध्येच ग्राइंडिंग व्हील बनवायला सुरुवात केली, आज नवं चाक कुठल्याही हार्डवेअरच्या बाजारात मिळतं. नवंसुद्धा बसवण्याआधी वाजवून बघायचं. बाजारात मडकं वाजवून घेतात तसं बोटात अडकवून लाकडी मुठीने हलकेच टिचकी मारायची. खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द वाजलं तर कचऱ्यात. वायर नवी, प्लग तीन पिनांचा, अर्थिंग तपासलेलं. टूल रेस्ट आणि चाकात ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फट नको, नाहीतर वस्तू आत ओढली जाते. अॅल्युमिनियम या चाकावर घासायचं नाही, ते दगडात भरून बसतं आणि चाक तापतं. गॉगल तर हवाच. चष्मा म्हणजे गॉगल नव्हे.

अमेरिकेतल्या मित्रांसाठी एक सूचना. तिकडचा जुना बॉल्डोर (ही कंपनी १९२० मध्ये सेंट लुईसला सुरू झाली) बघून मोह होतो, कबूल आहे. पण तो सहसा ६० हर्ट्झसाठी बनलेला असतो. सामानात घालून भारतात आणलात तर ट्रान्सफॉर्मरने व्होल्टेज बदलेल, हर्ट्झ बदलणार नाहीत. वेग सहाव्या हिश्शाने कमी होईल आणि मोटर जास्त तापेल. तिथेच वापरा, तिथेच पुढच्याला द्या.

हे सगळं इतकं रागाने लिहायचं कारण वेगळं आहे. आपण हौशी माणसं. पण ही मशिनं आपल्यासाठी बनली नव्हती. त्यांच्यासमोर कुणीतरी फिटर आठ-आठ तास उभा राहत होता. मला मिळालेल्या तीनपैकी दोन ग्राइंडरना गार्डच नव्हते. बोल्टची भोकं होती, म्हणजे मुळात गार्ड होते आणि कामात अडतात म्हणून कुणीतरी काढून टाकले होते. अशी मशिनं आजही कितीतरी शेडमध्ये चालू आहेत. ती उघडी चाकं बघून "काय विंटेज लूक आहे" म्हणणं मला जड जातं. तो लूक नाही, कुणाच्या तरी डोळ्यांशी खेळलेला जुगार आहे.

तेव्हा काकांच्या किंवा आजोबांच्या वर्कशॉपमध्ये असा एखादा धूळ खात पडला असेल, तर भंगारात घालू नका आणि पॉलिश करून दिवाणखान्यातही मांडू नका. बेअरिंग बदला, वायर बदला, गार्ड बसवा, नवा दगड लावा. आणि मग घरातल्या विळीला धार लावून द्या. विळी हातात घेणारा माणूस ग्राइंडर कोणत्या सालचा ते विचारत नाही, टोमॅटो नीट कापला जातो का एवढंच बघतो.