अंधत्व नोंदले, कारण हरवले

ज्याचे नाव हिशेबाच्या वहीत नाही त्याच्यासाठी तरतूद नाही, हा सरकारी खजिन्याचा अलिखित नियम आहे. हिंगोलीसारख्या जिल्ह्यात दृष्टी गमावणाऱ्या श्रमिकांना या नियमाची झळ लागते. गेलेली दृष्टी केव्हातरी दप्तरात नोंदली जाते. ती ज्या विकाराने गेली, त्याची नोंद होईलच याची हमी नसते. वरवर पाहता ही बाब कारकुनी वाटेल. प्रत्यक्षात तो सामाजिक न्यायाचा प्रश्न आहे.

रोगांचे वर्गीकरण करण्याची पद्धत नवी नाही. १८९३ साली झाक बर्तियाँ या फ्रेंच संख्याशास्त्रज्ञाने मृत्यूच्या कारणांची आंतरराष्ट्रीय यादी मांडली. १९४८ पासून जागतिक आरोग्य संघटनेने ते काम हाती घेतले आणि मृत्यूबरोबर आजारही यादीत आले. तिच्या दहाव्या आवृत्तीत दृष्टिपटलाच्या व त्यालगतच्या थराच्या विकारांना ‘एच ३०’ ते ‘एच ३६’ हे संकेतांक आहेत. दृष्टी अधू होणे व अंधत्व यांना ‘एच ५४’ हा वेगळा संकेतांक आहे. पहिला गट कारण सांगतो, दुसरा परिणाम. अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या आवृत्तीत तर अंधत्वाचे मूळ कारण आधी नोंदवावे अशी स्पष्ट सूचना आहे. भारत सरकारने २०१६ साली संगणकीय आरोग्यनोंदींसाठी जी मानके जाहीर केली, त्यांतही या वर्गीकरणाचा समावेश आहे. तेव्हा उणीव यादीची नाही. ती गावपातळीपर्यंत नेण्याच्या इच्छेची आहे.

सेनगाव तालुक्यातील एखाद्या शेतमजूर स्त्रीचे उदाहरण कल्पावे. तिला मधुमेह आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तातील साखर मोजली जाते, गोळ्या मिळतात. परंतु वाढलेल्या साखरेने दृष्टिपटलाच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या झिरपू लागल्या, तरी सुरुवातीला डोळा दुखत नाही, लाल होत नाही, दिसणेही फारसे कमी होत नाही. बाहुली मोठी करून किंवा कॅमेऱ्याने पडदा तपासला तरच विकार कळतो. आणि वेळीच कळला तर लेसर व इंजेक्शनांनी बरीचशी दृष्टी राखता येते. ही तपासणी झालीच नाही, तर तिची पहिली ठळक नोंद दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रावर होते. तेथेही नियम कठोर आहे. एक डोळा पूर्ण गेला व दुसरा शाबूत असला तर दिव्यांगत्व ३० टक्के धरले जाते. २०१६ च्या कायद्यातील लक्षणीय दिव्यांगत्वाची मर्यादा मात्र ४० टक्के आहे. म्हणजे दुसरा डोळाही अधू होईपर्यंत आरक्षणासारख्या सवलतींच्या दृष्टीने ती स्त्री जणू नाहीच.

मोतीबिंदूचे तसे झाले नाही. १९७६ साली राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. १९९४ ते २००२ या काळात जागतिक बँकेच्या साहाय्याने महाराष्ट्रासह सात राज्यांत मोतीबिंदू निर्मूलनाचा मोठा प्रकल्प राबवला गेला. शस्त्रक्रिया मोजता येत होत्या, म्हणून उद्दिष्टे ठरली, पैसा आला आणि लक्षावधींना पुन्हा दिसू लागले. ही कामगिरी कमी लेखण्याचे कारण नाही. मात्र २०१५ ते २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीपुढील लोकांच्या अंधत्वापैकी ६६.२ टक्के मोतीबिंदूमुळे असल्याचे आढळले, तर मधुमेहाचा व वार्धक्याचा पडदाविकार वगळून डोळ्याच्या मागील भागाचे उरलेले सारे विकार ५.९ टक्क्यांच्या एकाच गाठोड्यात बांधले गेले. मोतीबिंदू जसजसा हटेल तसतसा उरलेल्या कारणांचा वाटा वाढणार, हे साधे अंकगणित आहे. गाठोडे सोडल्याशिवाय नियोजन कसले करणार?

व्याख्येचेही असेच आहे. पूर्वी सहा मीटरवरून बोटे मोजता न येणारी व्यक्ती अंध गणली जाई. २०१७ साली हे अंतर तीन मीटरवर आणले गेले. जगाशी तुलना करता यावी हा त्यामागील युक्तिवाद गैर नाही. परंतु या दोन रेषांच्या मधल्या माणसाला त्या दिवशी अधिक दिसू लागले नाही. तो फक्त अंधांच्या गणनेतून बाहेर पडला.

आज संकेतांकांचा आग्रह प्रामुख्याने विम्याच्या देयकांसाठी धरला जातो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतही रुग्णालयाला पैसे मिळतात ते ठरावीक उपचारांच्या यादीनुसार. झालेल्या उपचाराचा हिशेब ठेवायलाच हवा. पण जो रुग्ण उपचारापर्यंत पोहोचलाच नाही तो या हिशेबात येत नाही, आणि नियोजनाला नेमकी त्याचीच माहिती हवी असते.

दिवसाला शेकडो रुग्ण तपासणाऱ्या वैद्यकीय अधिकाऱ्यावर आणखी एक रकाना लादणे अन्यायाचे होईल, हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच हे काम नेत्रचिकित्सा अधिकाऱ्यांच्या व प्रशिक्षित नोंदणी कर्मचाऱ्यांच्या भरलेल्या पदांवर सोपवले पाहिजे. शेकडो संकेतांकांचीही गरज नाही; वारंवार आढळणाऱ्या पाच-सहा विकारांपासून प्रारंभ करता येईल. रुग्णाचे नाव गुप्त राहावे, तालुकावार संख्या मात्र जाहीर व्हावी.

परभणीतून १९९९ साली वेगळा झालेला हिंगोली जिल्हा २०११ च्या जनगणनेनुसार ११,७७,३४५ लोकवस्तीचा आहे आणि त्यातील सुमारे ८५ टक्के लोक खेड्यांत राहतात. २०२४ साली येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. या महाविद्यालयाच्या मार्गदर्शनाखाली पाचही तालुक्यांत मधुमेहाच्या प्रत्येक रुग्णाचा पडदा वर्षातून एकदा तपासावा, कारण व परिणाम दोन्ही नोंदवावेत आणि त्या आकड्यांवरून कॅमेरे, लेसर व औषधे यांची तरतूद ठरवावी, ही मागणी मुळीच अवास्तव नाही. कार्यकर्त्यांनी ती ग्रामसभेच्या ठरावात आणावी आणि रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत लावून धरावी. आपल्या गावात मधुमेहाचे रुग्ण किती आणि त्यांपैकी पडदा तपासलेले किती, एवढे दोन आकडे मागण्यापासून आरंभ करावा.