रँचोची डिग्री कोणाच्या भिंतीवर?

२५ डिसेंबर ही तारीख आंबेडकरी माणसाला वेगळी समजावून सांगावी लागत नाही. १९२७ साली याच दिवशी महाडला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृतीची होळी झाली. शूद्र-अतिशूद्रांना आणि स्त्रियांना ज्ञानाचा अधिकार नाकारणारा ग्रंथ जाहीरपणे जाळला गेला. २००९ साली याच तारखेला राजकुमार हिरानी यांचा 'थ्री इडियट्स' थिएटरांत लागला. तारीख जुळली हा योगायोग. पण ज्ञान कोण मिळवतो आणि त्यावर नाव कोणाचं लागतं, हा प्रश्न या चित्रपटाच्या पोटातही दडलेला आहे. चित्रपट डोक्यावर घेऊन नाचणाऱ्या चाहत्यांना तो दिसत नाही, ही आमची तक्रार आहे.

या चित्रपटावरचं प्रेम साधंसुधं नाही. त्या काळात सर्वाधिक कमाई केलेला तो हिंदी चित्रपट ठरला, त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तामिळमध्ये त्याचा रिमेक झाला, चीनमधल्या विद्यार्थ्यांनीही तो उचलून धरला. इंजिनिअरिंगच्या होस्टेलांत त्याची पारायणं होतात. परीक्षेच्या आदल्या रात्री छातीवर हात ठेवून 'ऑल इज वेल' म्हटलं जातं. आणि हे फक्त सवर्ण पोरांपुरतं नाही. समाजकल्याणच्या वसतिगृहात राहणारी, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो लावणारी आपली पोरंही 'डिग्रीत काय ठेवलंय, नॉलेज महत्त्वाचं' हे वाक्य मोठ्या अभिमानाने स्टेटसला ठेवतात. म्हणून हा लेख त्यांच्यासाठी आहे.

चित्रपट विनोदी आहे, चांगला बांधलेला आहे, हे मान्यच आहे. हसू आम्हालाही येतं. पोटच्या पोराला रेसचा घोडा समजणाऱ्या पालकांना त्याने दोन गोष्टी सुनावल्या, हेही चांगलंच झालं. प्रश्न पुढचा आहे.

एकलव्याची सुखांत गोष्ट

कथा नीट आठवा. कॉलेजात सगळ्यांवर भारी पडणारा रँचो, म्हणजे रणछोडदास शामलदास चांचड, हा मुळात रणछोडदास नाहीच. तो शिमल्याच्या एका बड्या घरच्या माळ्याचा पोरका मुलगा आहे. मालकाच्या मुलाचे गणवेश घालून तो शाळेत शिरतो, वाटेल त्या वर्गात बसतो आणि मोठ्या वर्गाची गणितं सोडवताना पकडला जातो. तेव्हा मालक सौदा करतो. शीक तू, पण माझ्या मुलाच्या नावावर. ज्ञान तुझं, डिग्री आमची. इंजिनिअरिंग संपलं की गायब व्हायचं आणि मित्रांशी संबंध तोडायचे. माळ्याचा पोरगा हे सगळं पाळतो. तो पहिला येतो आणि डिग्री लागते मालकाच्या मुलाच्या नावाने, मालकाच्या बंगल्यात.

मित्रांनो, ही गोष्ट आपण कुठे ऐकली आहे? एकलव्याचा अंगठा द्रोणाचार्याने मागून घेतला, तेव्हा निदान रक्त तरी सांडलं होतं. इथे अंगठा हसत हसत दिला जातो आणि प्रेक्षक टाळ्या वाजवतात. नोकराच्या मुलाची बुद्धी वापरून मालकाचा मुलगा इंजिनिअर होतो, यात चित्रपटाला अन्याय दिसत नाही. त्याला दिसतो तो नायकाचा मोठेपणा: बघा, याला डिग्रीचा मोह नव्हता!

आता त्या मुलाचं खरं नाव आठवा. फुनसुख वांगडू. लडाखकडच्या बौद्ध घरातलं वाटावं असं हे नाव आहे. लडाख असो की हिमाचलातलं लाहौल-स्पिती, अशा नावांची बहुतेक माणसं अनुसूचित जमातींत येतात. समजा, हा मुलगा स्वतःच्याच नावाने त्या कॉलेजात आला असता. पहिल्याच दिवशी होस्टेलमध्ये त्याला काय विचारलं गेलं असतं? 'रँक किती?' आणि मग, 'अच्छा, कॅटेगरी!' प्राध्यापकांशी त्याने घातलेला वाद हुशारी ठरली नसती, उर्मटपणा ठरला असता. यंत्राची व्याख्या स्वतःच्या शब्दांत सांगितली म्हणून रँचोला वर्गाबाहेर काढतात आणि प्रेक्षक त्याच्या बाजूने उभे राहतात. वांगडूला बाहेर काढलं असतं, तर हेच प्रेक्षक म्हणाले असते, 'यांना झेपत नाही तर येतात कशाला?' ज्या बंडखोरीवर चाहते जीव टाकतात, ती मालकाचं आडनाव उसनं घेतल्यावरच शोभून दिसते.

गंमत बघा. रँचो संपूर्ण शिक्षण दुसऱ्याच्या नावावर पुरं करतो आणि त्याला कोणी एक कागद विचारत नाही. आपल्या पोराला मात्र स्वतःच्याच नावावर शिकायचं असलं तरी जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला आणि शेवटी जात वैधता प्रमाणपत्र लागतं. आजोबांच्या काळातली नोंद शोधत बाप तहसील कचेरीचे उंबरे झिजवतो. तोवर प्रवेशाची मुदत टळायची वेळ येते. 'बोगस' हा शब्द मात्र आपल्यासाठी राखीव आहे.

डिग्रीत काय ठेवलंय?

'लायक बना, यश आपोआप मागे येईल' हा या चित्रपटाचा मंत्र. ऐकायला गोड आहे. पण यश कोणाच्या मागे आपोआप येतं? ज्याच्या घरी दोन पिढ्यांपासून पुस्तकं आहेत, ओळखीपाळखी आहेत, पडलं तर झेलायला जमीन किंवा पेन्शन आहे, त्याच्या मागे. समाजशास्त्रात पिएर बुर्दिय याला सांस्कृतिक भांडवल म्हणतो. फरहान इंजिनिअरिंग सोडून वन्यजीवांचे फोटो काढायला जाऊ शकतो, कारण त्या घराची चूल त्याच्या पहिल्या पगारावर पेटायची नसते. आपल्या वस्तीत एका मुलीला इंजिनिअरिंगची सीट लागते तेव्हा अख्ख्या गल्लीचा जीव तिच्यात अडकलेला असतो. तिला 'डिग्री हा नुसता कागद आहे' असं सांगणं म्हणजे पोट भरलेल्याने उपाशी माणसाला उपवासाचं महत्त्व सांगणं आहे.

बाबासाहेबांनी कोलंबियातून एम.ए. आणि पीएच.डी., लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधून एम.एस्सी. आणि डी.एस्सी. मिळवल्या, ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले. यातली एकही पदवी त्यांनी कोणा मालकाच्या भिंतीसाठी मिळवली नाही. त्या त्यांच्या नावापुढे लागल्या आणि आज आपण त्या अभिमानाने उच्चारतो. पदवीने जात जात नाही, हेही त्यांनीच भोगलं. परदेशात शिकून १९१७ साली बडोद्याला नोकरीवर गेले तर शिपाई लांबून फाईल फेकत होते आणि राहायला जागा मिळत नव्हती. म्हणून पदवीला आम्ही देव मानत नाही. पण पदवी नसेल तर दारातूनच हाकलतात, हे आम्हाला माहीत आहे. चित्रपटातला वांगडू पदवीशिवाय ४०० पेटंटांचा शास्त्रज्ञ होतो. कसा होतो, हे चित्रपट सांगत नाही. स्वप्न विकणाऱ्याला तपशील द्यावा लागत नाही.

होस्टेलवर पडेल ती कामं करणाऱ्या मिलीमीटर नावाच्या पोराचंही तसंच. रँचो त्याला सल्ला देतो: गणवेश विकत घे आणि कुठल्याही शाळेत जाऊन बस, गर्दीत कोण ओळखतंय? ज्या वर्षी हा चित्रपट आला, त्याच २००९ साली संसदेने शिक्षण हक्क कायदा केला. लेकरांनी शाळेत चोरून शिरायचं नाही, हजेरीपटावर नाव लिहून हक्काने बसायचं, यासाठी तो कायदा आहे. जोतिबा-सावित्रीमाईंनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली ती उघड काढली, शेणाचे गोळे झेलून. साताऱ्याच्या शाळेत लहानग्या भीमरावाला गोणपाटावर वेगळं बसावं लागलं, पण त्याचं नाव त्या शाळेच्या रजिस्टरमध्ये आहे. आपली परंपरा ही आहे, उसन्या गणवेशात लपून बसण्याची नाही.

घोकंपट्टीला कोण हसतं?

चित्रपटात सर्वात जास्त हसं होतं ते चतुर रामलिंगमचं. तो पाठांतर करतो, त्याला हिंदी धड येत नाही, हे त्याचे गुन्हे. पाठांतर ही खरी कोणाची परंपरा? अर्थ कळो न कळो, मंत्र पिढ्यान्‌पिढ्या मुखोद्गत करणारी पाठशाळा आपण चालवली नव्हती. आज त्याच वर्गाची पोरं इंग्रजी माध्यमातून येऊन 'कन्सेप्ट क्लिअर पाहिजेत' म्हणतात. जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेलं पोरगं इंग्रजी पुस्तक पाठ करतं, कारण त्याला ती भाषा घरी कोणी दिलेली नसते. त्याचं पाठांतर हा त्याचा मूर्खपणा नाही, ते त्याचं हत्यार आहे.

आणि चतुरच्या भाषणाचा तो प्रसंग. 'चमत्कार'च्या जागी 'बलात्कार' हा शब्द घातला जातो आणि सभागृह हसून लोळतं. खैरलांजीला तेव्हा जेमतेम सव्वातीन वर्षं झाली होती. ज्या समाजाच्या लेकीबाळींच्या अंगावर तो शब्द येतो, त्या समाजाने यावर कसं हसायचं?

जॉय लोबोला न्याय, रोहितला चौकशी

या चित्रपटात एक प्रसंग खरोखर धाडसी आहे. प्राचार्य विरू सहस्त्रबुद्धे मुदत वाढवून देत नाहीत म्हणून जॉय लोबो हा विद्यार्थी आत्महत्या करतो, आणि रँचो प्राचार्यांच्या तोंडावर सांगतो की ही आत्महत्या नाही, खून आहे. चाहत्यांना हे पटतं. डोळे पाणावतात.

मग १७ जानेवारी २०१६ ला हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठात रोहित वेमुला गेला आणि आपण 'संस्थात्मक हत्या' म्हणालो, तेव्हा हे डोळे कोरडे का राहिले? तिथे तर रोहित दलित होता की नाही याचीच चौकशी सुरू झाली. हा चित्रपट लागून तीन महिने होत नाहीत तोच, मार्च २०१० मध्ये, दिल्लीच्या एम्समध्ये बालमुकुंद भारती गेला. त्याच एम्समधल्या जातिभेदावर सुखदेव थोरात समितीने २००७ सालीच अहवाल दिला होता. २०१९ मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवी गेली. फेब्रुवारी २०२३ मध्ये पवईच्या आयआयटीत दर्शन सोळंकी गेला. कुटुंब जातिभेदाकडे बोट दाखवत होतं, संस्थेच्या अंतर्गत समितीने खालावलेल्या अभ्यासाकडे दाखवलं. पडद्यावरच्या जॉयच्या बाबतीत व्यवस्था दोषी आणि आपल्या मुलांच्या बाबतीत मुलंच कच्ची, हा न्याय कुठला?

चित्रपटात कुरेशी आहे, लोबो आहे, रामलिंगम आहे, रस्तोगी आहे. सर्वधर्मसमभावाची हजेरी पूर्ण लागलेली आहे. दलित, आदिवासी, ओबीसी म्हणून ओळख सांगणारं मात्र एकही पात्र नाही. उच्च शिक्षणातल्या ओबीसी आरक्षणाविरुद्ध २००६ मध्ये मेडिकलची पोरं रस्त्यावर उतरली होती. एप्रिल २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते २७ टक्के आरक्षण वैध ठरवलं. देशातली कॉलेजं या प्रश्नाने ढवळून निघाली असताना कॉलेजवरच्या सर्वात गाजलेल्या चित्रपटात त्याचा उच्चारही नाही. उलट, मित्राला पास करण्यासाठी नायक रात्री प्राचार्यांच्या ऑफिसात शिरून प्रश्नपत्रिका चोरतात. मित्र ती वापरत नाही हे खरं, पण चोरी करणारे शेवटी लाडकेच ठरतात. कट-ऑफमध्ये संविधानाने दिलेली सवलत मात्र 'मेरिटचा खून' असते.

'प्रत्येक गोष्टीत जात आणता' असं आता म्हटलं जाईल. जात आम्ही आणलेली नाही, ती पडद्यामागे लपवलेली होती, तिच्यावरचा कपडा आम्ही काढला. आमचं वैर कोणा आडनावाशीही नाही. महाडला मनुस्मृती जाळण्याचा ठराव मांडणारे बाबासाहेबांचे ब्राह्मण सहकारी सहस्रबुद्धेच होते, हे आम्ही विसरलेलो नाही. आमचं भांडण नोकराच्या बुद्धीवर मालकाचं नाव कोरणाऱ्या व्यवस्थेशी आणि त्यावर टाळ्या वाजवणाऱ्या प्रेमाशी आहे.

म्हणून आपल्या पोरांना सांगणं एवढंच: चित्रपट पाहा, खुशाल हसा. वसतिगृहात सगळ्यांनी मिळून पाहा आणि मग बसून चर्चा करा. वांगडूने डिग्रीवर स्वतःचं नाव मागितलं असतं तर कथा कुठे गेली असती, हे एकमेकांना विचारा. नंतर 'फँड्री' लावा आणि शाळेच्या भिंतीवरच्या आपल्या महापुरुषांसमोरून जब्याला काय वाहून न्यावं लागतं, ते पाहा. शिष्यवृत्ती अडली असेल तर एकट्याने कुढू नका, दहा जण मिळून समाजकल्याण कार्यालयात जा. वर्गात कोणी रँक विचारून टोमणा मारला तर लेखी तक्रार करा आणि तिची पोच घ्या. छातीवर हात ठेवून 'ऑल इज वेल' म्हटल्याने काही बरं होत नाही. बाबासाहेबांनी शिकायला सांगितलं, संघटित व्हायला सांगितलं आणि संघर्ष करायला सांगितलं, छातीला थोपटून झोपवायला नाही.

ज्ञानही हवं आणि डिग्रीही हवी. आणि तिच्यावर नाव आपलंच हवं, जातीसकट, आडनावासकट, आपल्याच घराच्या भिंतीवर.

जय भीम!