देणगीदाराचे नाव आणि विद्यार्थ्याचा हक्क

पदवीदान समारंभ जवळ आला की विद्यापीठांकडून सुवर्णपदके, पारितोषिके आणि शिष्यवृत्त्या यांची लांबलचक यादी प्रसिद्ध होते. प्रत्येक शिष्यवृत्तीला कोणाचे तरी नाव जोडलेले असते. कोठे दिवंगत वडिलांचे, कोठे एखाद्या साखर कारखान्याच्या अध्यक्षाचे, तर कोठे एखाद्या पेढीचे. देणगीदाराचे नाव या यादीत कायमचे राहते, विद्यार्थ्याचे एका वर्षापुरते येते. परंतु पहिल्याच वर्षाची फी, खोलीचे भाडे आणि खाणावळीचे पैसे न जमल्याने ज्याने महाविद्यालय सोडले, त्याचे नाव या यादीत कधीच येत नाही. परभणी जिल्ह्यातील सेलू तालुक्याच्या वालूरसारख्या गावातून शिकायला बाहेर पडणाऱ्या शेतमजुराच्या व कोरडवाहू शेतकऱ्याच्या मुलामुलींना हाच धोका सर्वांत मोठा असतो. म्हणून देणगीच्या शिष्यवृत्तीकडे केवळ कौतुकाने न पाहता तिचे नियम कोण ठरवतो आणि तिचा लाभ कोणास होतो, हा प्रश्न विचारणे आमच्या कार्यकर्त्यांचे कर्तव्य आहे.

ही शिष्यवृत्ती निर्माण होण्याची रीत साधारणतः ठरलेली आहे. देणगीदार विद्यापीठाकडे एक रक्कम सुपूर्द करतो. व्यवस्थापन परिषद ती स्वीकारते. रक्कम बँकेत ठेव म्हणून गुंतवली जाते, मुद्दलास हात लावायचा नाही असे ठरते आणि येणाऱ्या व्याजातून दरवर्षी एका-दोघांना शिष्यवृत्ती दिली जाते. कोणत्या विषयासाठी, कोणत्या परीक्षेसाठी, मुलासाठी की मुलीसाठी, याच्या अटी बहुधा देणगीदार सुचवतो आणि विद्यापीठ त्या मान्य करते. या अटींतच सारे मर्म आहे. सर्वांत अधिक आढळणारी अट अशी, की अमुक विषयात सर्वाधिक गुण मिळवणाऱ्यास रक्कम द्यावी. म्हणजे परीक्षा संपल्यावर, निकाल लागल्यावर, गरज बव्हंशी सरून गेल्यावर पैसा हाती पडतो. भुकेल्याने जेवणाची पंगत उठेपर्यंत तग धरावा आणि मग त्यास दक्षिणा मिळावी, असा हा प्रकार आहे.

दक्षिणा हा शब्द येथे अलंकार म्हणून आलेला नाही. पेशवाईत श्रावणमासी ब्राह्मणांना वाटली जाणारी दक्षिणा ही रयतेच्या महसुलातूनच येत होती. इंग्रजी अमलात त्याच निधीतून ग्रंथांना बक्षिसे व पुढे महाविद्यालयीन फेलोशिपा देण्यात आल्या. गोपाळ गणेश आगरकर हे अशाच दक्षिणा फेलोंपैकी एक. लोकहितवादी आणि त्यांचे सहकारी यांनी १८४९ मध्ये या निधीचा उपयोग अधिक व्यापक विद्येसाठी व्हावा अशी मागणी केली, तेव्हा सनातन्यांनी गहजब केला आणि जोतीराव फुले सुधारकांच्या पाठीशी उभे राहिले. विद्येसाठी राखलेला पैसा कोणाच्या खिशातून येतो आणि कोणाच्या ओंजळीत पडतो, हा महाराष्ट्रातील जुना वाद आहे.

याच जोतीरावांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात शिष्यवृत्त्यांविषयी जे मत मांडले, ते आजही विद्यापीठांच्या दालनांत वाचून दाखवण्याजोगे आहे. स्पर्धेने शिष्यवृत्ती देण्याची पद्धत वरकरणी न्याय्य भासली तरी तिने मागे राहिलेल्या वर्गांत विद्येचा प्रसार होत नाही, सबब काही शिष्यवृत्त्या अशा वर्गांसाठीच राखाव्यात, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. या मुद्द्याचे समर्थन करणारा दाखला मुंबई विद्यापीठाच्या इतिहासातच सापडतो. जगन्नाथ शंकरशेट यांच्या नावाची शिष्यवृत्ती मॅट्रिकला संस्कृतमध्ये सर्वोच्च गुण मिळवणाऱ्यास दिली जाई. चिंतामणराव देशमुख यांनी १९१२ मध्ये ती मिळवली. नानांचे शिक्षणकार्य थोर होते आणि चिंतामणरावांची बुद्धिमत्ताही वादातीत होती. परंतु त्याच मुंबईत, अवघी पाच वर्षे आधी, १९०७ मध्ये मॅट्रिक झालेल्या भीमराव आंबेडकर नावाच्या विद्यार्थ्याला शाळेत संस्कृत शिकूच दिले गेले नव्हते आणि त्याला फारसी घ्यावी लागली होती. ज्याला वर्गात बसण्याचीच मनाई, त्याच्यासाठी गुणवत्तेची ही स्पर्धा सुरू होण्यापूर्वीच संपलेली होती. अट कागदावर सर्वांना सारखी होती. समाज सारखा नव्हता.

बाबासाहेबांचे पुढील शिक्षण सयाजीराव गायकवाड यांच्या साहाय्याने झाले, हे सर्वश्रुत आहे. १९१३ मध्ये दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती घेऊन ते कोलंबिया विद्यापीठात गेले. हे साहाय्य निकालानंतरचे बक्षीस नव्हते. शिक्षण सुरू होतानाच, निर्वाहासाठी दिलेले ते बळ होते, आणि म्हणूनच त्याचे मोल मोठे. परंतु त्याला दहा वर्षे बडोदे संस्थानच्या नोकरीचा करार जोडलेला होता आणि मुदत संपताच १९१७ मध्ये त्यांना लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. पुन्हा लंडन गाठण्यासाठी त्यांना नोकरी करून पैसे साठवावे लागले, शाहू महाराजांचे साहाय्य आणि स्नेह्याचे कर्ज घ्यावे लागले. दाता कितीही उदार असो, घेणाऱ्याचे भवितव्य दात्याच्या मुदतीला आणि मर्जीला बांधलेले राहते, हा या कथेचा दुसरा धडा आहे. बाबासाहेबांनी तो नीट ओळखला होता. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सदस्य झाल्यावर त्यांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी सरकारी तिजोरीतून तरतूद मागितली आणि १९४४ मध्ये अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती योजना सुरू झाली. एका विद्यार्थ्याला राजाश्रयाने मिळाले, ते हजारोंना अंदाजपत्रकातून मिळू लागले. दानाचे हक्कात रूपांतर होते ते असे.

येथे कोणी म्हणेल, की देणगीदार आपल्या कष्टाचा पैसा देतो, त्याच्या अटींत लोकांनी का लुडबुड करावी? या युक्तिवादाचे उत्तर राजाबाई टॉवरच्या सावलीत उभे राहून शोधावे. प्रेमचंद रायचंद यांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालय व मनोरा यांसाठी आणि कलकत्ता विद्यापीठाला विद्यार्थिवेतनासाठी लाखोंच्या देणग्या दिल्या. त्यांची ती दौलत अमेरिकेतील यादवीच्या काळात, १८६१ ते १८६५ दरम्यान, कापसाचे भाव भडकल्याने उभी राहिली. तो कापूस पिकवणाऱ्या कुणब्याचे नाव मनोऱ्यावर नाही. आजही चित्र फारसे वेगळे नाही. देणगीवर आयकर कायद्याने सवलत मिळते, म्हणजे सार्वजनिक तिजोरीही त्या दानात आपला वाटा उचलते. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावयाची आहे. या कर्तव्यातून निघालेल्या शिष्यवृत्तीची औदार्य म्हणून जाहिरात होते, तेव्हा लोकांनी हिशेब विचारला तर त्यात उद्धटपणा तो कोणता?

देणगीच्या पैशाला विरोध करणे हे आमचे धोरण नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी रयत शिक्षण संस्था मूठमूठ धान्यावर आणि विद्यार्थ्यांच्या श्रमावर उभी केली. अच्युतराव आपटे यांनी १९५५ मध्ये पुण्यात स्थापन केलेल्या विद्यार्थी साहाय्यक समितीने खेड्यांतून आलेल्या गरीब मुलांना निवास आणि भोजन देऊन त्यांना शिकत राहण्यासाठी उभे केले. हे दोन्ही प्रयत्न लोकांच्या देणग्यांवरच चालले. फरक इतकाच, की तेथे पहिला प्रश्न गुणांचा नसून गरजेचा होता.

मराठवाड्याला हा फरक विशेष जाणवतो. १९५८ मध्ये औरंगाबादेत विद्यापीठ स्थापन होईपर्यंत या भागातील मुलाला विद्यापीठ म्हणजे दूरचे हैदराबाद होते. १९९४ मध्ये नांदेडला विद्यापीठ झाले आणि परभणी जिल्हा त्याच्या कक्षेत आला. अंतर कमी झाले, खर्च मात्र वाढत गेला. वालूरची चक्राकार पायऱ्यांची बारव आता महाराष्ट्रभर ओळखली जाते. पाणी कितीही खाली गेले तरी माणसाला त्याच्यापर्यंत पोहोचता यावे, अशी बारवेची रचना असते. देणगीच्या शिष्यवृत्तीला अशी पायरी नाही. समजा, पन्नास वर्षांपूर्वी कोणी दहा हजारांची ठेव ठेवली. दहा टक्के व्याजाने वर्षाला हजार रुपये येत आणि खाणावळीला त्यांचा मोठा हातभार लागे. आज सात टक्क्यांनी त्याच ठेवीवर सातशे रुपये येतात. देणगीदाराचे नाव तेच राहते. विद्यार्थ्याचा मात्र एका आठवड्याचा डबाही त्यात धड भागत नाही.

सबब आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. विद्यापीठांनी आपल्याकडील प्रत्येक देणगीनिधीचे मुद्दल, व्याज, अटी आणि लाभार्थी संख्या दरवर्षी जाहीर करावी. ज्यांचे व्याज नाममात्र उरले आहे असे छोटे निधी, देणगीदारांची नावे कायम ठेवून, एकत्र करावेत आणि त्यांतून प्रवेशाच्या वेळीच निर्वाहवेतन द्यावे. नवी देणगी स्वीकारताना किमान अर्धी रक्कम गरजेच्या निकषावर दिली जाईल अशी अट विद्यापीठानेच घालावी. निवड समितीत विद्यार्थ्यांचे प्रतिनिधी असावेत. आणि या साऱ्याच्या आडून शासनाला आपल्या जबाबदारीतून अंग काढून घेता येऊ नये. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा हप्ता वर्ष उलटेपर्यंत लांबवायचा आणि देणगीदारांचे सत्कार करायचे, हा दुटप्पीपणा चालू देता कामा नये.

कार्यकर्त्यांनी यासाठी आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही. २००५ चा माहिती अधिकार कायदा हाताशी आहे. नांदेडच्या विद्यापीठाकडे देणगीनिधींची यादी मागावी, अधिसभेतील सदस्यांना ती देऊन प्रश्न विचारायला लावावेत. वालूरच्या आणि प्रत्येक गावच्या शाखेने बारावीनंतर शिक्षण सुटलेल्या मुलामुलींची नावनिशीवार नोंद करावी व त्यांपैकी किती जणांचे पाऊल केवळ पैशावाचून अडले ते लिहून काढावे. विद्यापीठाच्या यादीशेजारी ही दुसरी यादी ठेवली, की शिष्यवृत्तीचे नियम कसे बदलले पाहिजेत हे सांगण्यासाठी वेगळ्या भाषणाची आवश्यकता उरणार नाही.