सुटीचा दिवस : खंदारीच्या काठी

हिवाळ्यातला रविवार आणि ‘वाघ दाखवा’ हा मुलांचा हट्ट या दोन गोष्टी जबलपुरातील मराठी घरांत बहुधा एकदमच उपस्थित होतात. मग वडीलधारी मंडळी कान्ह्याचा बेत करू लागतात. कान्हा हे थोर वन आहे, यात शंका नाही. १९५५ साली ते राष्ट्रीय उद्यान झाले, आणि १९७० मध्ये अवघे ६६ उरलेले बारशिंगे तेथेच कुरणे राखून व कुंपणाआड जपून वाचविण्यात आले. परंतु ते दीडशेहून अधिक किलोमीटर दूर. पहाटे निघून रात्री परतणाऱ्या कुटुंबाच्या वाट्यास मुख्यत्वे मोटारीचे धक्केच यावयाचे. अधारतालच्या बाजूस, महाराजपूर भागात राहणाऱ्या गृहस्थाने एका दिवसासाठी एवढा आटापिटा करावा असे आम्हांस वाटत नाही. विमानतळाच्या वाटेवर महापालिकेचे डुमना निसर्ग उद्यान आहे, तेथे जावे.

हजार हेक्टरांहून थोडे अधिक असे हे रान शहराच्या इतक्या जवळ टिकले कसे, हे मुलांना वाटेतच सांगावे. जबलपूर हे तळ्यांचे गाव. राणीताल, चेरीताल, अधारताल ही नावे राणी दुर्गावतीच्या काळाची आठवण देतात. अधारताल हे तर तिच्या मंत्र्याच्या नावाचे. पुढे वस्ती वाढली, तळी अपुरी पडू लागली, तेव्हा १८८३ साली पिण्याच्या पाण्यासाठी खंदारीचा जलाशय बांधण्यात आला. डुमन्याचे रान त्याच्याच भोवती आहे. झाडांची मुळे माती धरून ठेवतात, पावसाचे पाणी सावकाश झिरपू देतात आणि जलाशय गाळाने भरू देत नाहीत. चितळ, रानडुक्कर, कोल्हा व मोर यांना आसरा मिळाला तो या पाण्याच्या आश्रयाने. आणि भोवतालचे रान विरळ झाले तर त्याची झळ केवळ हरणांनाच लागेल असे नाही.

सकाळी लवकर पोहोचावे, आणि पोहोचताच हिंडू नये. पाण्यापासून अंतर राखून एखाद्या झाडाच्या सावलीत अर्धा तास स्वस्थ बसावे. (बापमंडळींना हे मुलांपेक्षा जड जाते, असा आमचा अनुभव आहे.) अंतर राखावयाचे ते अशासाठी की जलाशयात मगरी आहेत, काठावर ओंडका पडला आहे असे वाटले तर तो ओंडकाच असेल असे समजू नये. प्रथम दिसेल तो खंड्या. त्यातही काळ्यापांढऱ्या कवड्या खंड्याकडे लक्ष द्यावे. तो पाण्यावर एकाच जागी पंख फडफडवीत तरंगत राहतो आणि मग दगडासारखा खाली पडतो. चिखलात शेपूट सतत वरखाली हलवीत फिरणारा परीट हा हिवाळ्याचा पाहुणा; हिमालयाकडून व त्याच्याही पलीकडून तो येतो. तारेवर मळकट दिसणारा एखादा पक्षी उडताच निळाईचा झगमगाट झाला, तर तो नीलपंख. आजीच्या बोलण्यात तो चास असतो, हिंदी शाळेत शिकणाऱ्या नातवाच्या तोंडी नीलकंठ. या दोन नावांवरून घरात जो वाद होतो तो अवश्य होऊ द्यावा; १९५६ पर्यंत नागपूर व जबलपूर एकाच प्रांतात नांदत होती, पक्ष्यांनी दोन नावे धारण करण्यात वावगे काय? मध्यप्रदेशाचा राज्यपक्षी दूधराज आपल्याकडे स्वर्गीय नर्तक म्हणून ओळखला जातो.

उन्हे वर आली की चितळांचा कळप वानरांच्या झाडाखाली येतो. वानरे पाने व फळे जितकी खातात तितकीच खाली टाकतात, आणि चितळे ती वेचतात. वानराची नजर उंचावरून दूरवर पोहोचते, चितळाचे नाक तीक्ष्ण. त्यामुळे बिबट्याची चाहूल एकास लागली की दुसराही सावध होतो. हे सख्य डोळ्यांनी पाहावयाचे असेल तर शिदोरी बांधूनच ठेवावी. पोळी अगर चणे टाकताच वानर झाडावरून उतरते व चितळास विसरते. पुढे तेच मुलाच्या हातून पिशवी ओढू लागते, आणि दोष मात्र वानरास लागतो. प्लॅस्टिकच्या पिशवीस अन्नाचा वास राहतो. ती चितळाच्या पोटात गेली की पचत नाही आणि बाहेरही पडत नाही. म्हणून नेलेले सर्व परत आणावे, संत्र्याची सालसुद्धा.

बिबटे या रानात आहेत. तेव्हा मुलांना दृष्टीआड जाऊ देऊ नये आणि तिन्हीसांजेपूर्वी बाहेर पडावे.

दुर्बीण बहुधा घरात एकच असते. ती गळ्यात अडकविल्याखेरीज कोणाच्याही हाती देऊ नये. लहान मूल दुर्बिणीतूनच पक्षी शोधू लागते, आणि त्याला फांद्यांखेरीज काही दिसत नाही. आधी उघड्या डोळ्यांनी पक्षी हेरावा, नजर त्यावरच ठेवावी, आणि मग दुर्बीण डोळ्यांपाशी आणावी. दोनचार वेळा चुकेल, पण खंड्या एकाच फांदीवर पुष्कळ वेळ बसतो.