नातवंडासाठी जुनी खाट : घ्यावी की नाकारावी?



घरात नवे बाळ येणार असल्याची वार्ता कळताच आजी-आजोबांना प्रथम आठवतो तो पाळणा. कोणाच्या माळ्यावर मुलाच्या वेळची, चारही बाजूंना कठडा असलेली लाकडी खाट चादरीत गुंडाळून ठेवलेली असते. कोणाला शेजारच्या इमारतीतून तशीच खाट निम्म्या किमतीत मिळत असते. दुकानांत हिलाच ‘क्रिब’ किंवा ‘बेबी कॉट’ म्हणतात. ‘घेऊ का?’ हा प्रश्न दवाखान्यात मला अनेकदा विचारला जातो आणि बहुधा त्यामागे घरातला अबोल मतभेद असतो. सुनेला नवी खाट हवी असते. सासऱ्यांना वाटते, जिच्यात आपली दोन्ही मुले वाढली ती नातवाला का चालू नये?

आरंभीच सांगते, जुनेपणा हा स्वतः काही दोष नव्हे. आजीच्या लुगड्याचे दुपटे नव्या कापडापेक्षा बाळाला सुखकर असते, कारण कापड वापराने मऊ होते. खाट मात्र वापराने सैल होते. दर वेळी ती सुटी करून पुन्हा जोडली, की स्क्रूची भोके थोडी रुंदावतात, लाकूड हवेतील ओल घेऊन फुगते व आटते, एखादा बोल्ट हरवतो आणि त्याच्या जागी घरातला दुसरा बसवला जातो. वरून पाहता खाट भक्कमच दिसते.

धोका असतो तो फटीत. तान्ह्या बाळाचे धड सडपातळ आणि डोके त्या मानाने मोठे असते. रुंद फटीतून पाय व कंबर बाहेर सरकतात, डोके अडकते आणि शरीराचा भार मानेवर येतो. गादी व कठडा यांच्या मधल्या फटीत तोंड दाबले गेले, तर बाळाला मान वळवून सुटका करून घेता येत नाही. श्वास कोंडल्यावर त्याला रडताही येत नाही, म्हणून शेजारच्या खोलीतल्या जागरूक आजीलाही काही ऐकू येत नाही. अशा घटना क्वचितच घडतात. परंतु घडल्यास त्यांना उपाय नसतो.

तपासणी कशी करावी?

प्रथम विकणाऱ्याला किंवा देणाऱ्याला विचारावे : खाट किती वर्षांची आहे, किती वेळा सुटी केली, सर्व नट-बोल्ट मूळचे आहेत का, जोडणीचा कागद आहे का? दहा वर्षांहून जुनी खाट शक्यतो घेऊ नये, असा सर्वसाधारण संकेत आहे. उत्तरे समाधानकारक वाटली, तरच पुढची तपासणी करावी.

शिवणाच्या डब्यातील टेप घेऊन कठड्याच्या दोन गजांमधले अंतर मोजावे. अमेरिकेतील नियमांनुसार ते ६ सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे सव्वादोन इंचांहून किंचित अधिक, एवढेच असू शकते. एकही गज तुटलेला, हलणारा किंवा नसलेला चालणार नाही. डोक्याकडच्या फळीवर कोरीव जाळी असेल, तर तिच्या भोकांनाही हाच न्याय लावावा. कोपऱ्यांच्या खांबांवर उंच गोंडे नसावेत. बाळाच्या गळ्यात दृष्ट लागू नये म्हणून बांधलेला काळा दोरा अशा गोंड्यात अडकू शकतो. तो दोरा झोपवताना काढून ठेवणेच इष्ट.

नंतर दोघांनी मिळून खाट चारही बाजूंनी जोराने हलवून पाहावी. करकर आवाज आला, सांधा सरकला, गादीखालची फळी एका कोपऱ्यात खाली गेली, तर व्यवहार तेथेच थांबवावा. सुताराकडून खिळा ठोकून घेणे हा उपाय नव्हे.

ज्या खाटेची एक बाजू खाली-वर सरकते, तिच्याविषयी स्वतंत्रपणे सांगायला हवे, कारण पाठ दुखणाऱ्या आजीला तीच सर्वांत सोयीची वाटते. या सरकत्या बाजूची खिट्टी झिजली वा मोडली, की बाजू एका टोकाला सुटते आणि गादीलगत नेमकी बाळ अडकेल अशी फट पडते. असे मृत्यू घडल्यामुळे अमेरिकेने जून २०११ पासून अशा खाटांची विक्री बंद केली. वापरलेल्या खाटांनाही ती बंदी लागू आहे. लेकीच्या बाळंतपणासाठी तिकडे जाणाऱ्या आपल्या वाचकांनी हे ध्यानात ठेवावे. कोणाच्या गॅरेजमधून अशी खाट फुकट मिळाली, तरी ती घेऊ नये. येथेही मी हाच सल्ला देते.

रंगाचा प्रश्नही महत्त्वाचा आहे. दात येण्याच्या सुमारास, साधारण सहाव्या महिन्यापासून, बाळ कठड्याची वरची पट्टी चावू लागते. जुन्या तैलरंगांत शिसे असे. भारतात नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगांत दर दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक शिसे असू नये, असा नियम आहे; त्यापूर्वी रंगवलेल्या खाटेची खात्री देता येत नाही. शिसे वाढत्या मेंदूला अपाय करते आणि त्याची निर्धोक मात्रा ज्ञात नाही. असा रंग घरी घासून काढू नये. ती धूळ श्वासातून व बोटांवाटे बाळाच्या पोटात जाते.

खाट जुनी घेतली, तरी गादी नवीच घ्यावी. वापरलेल्या कापसाच्या गादीत मध्ये खळगा पडलेला असतो आणि ढेकणांची शक्यता असते ती वेगळीच. गादी कठीण व सपाट असावी : हाताचा पंजा दाबून उचलला असता ठसा राहता कामा नये. कठडा व गादी यांच्या मधल्या जागेत दोनहून अधिक बोटे जाऊ नयेत.

खाट रिकामीच बरी

रिकामा पाळणा हलवू नये, असे आपल्याकडे म्हणतात. बाळाभोवतीची खाट मात्र रिकामीच हवी. राईची उशी, लोड, जाड गोधडी, कठड्याला बांधायच्या मऊ पट्ट्या हे सारे प्रेमापोटी ठेवले जाते आणि हेच नाका-तोंडावर येऊ शकते. चिमणाळे हाताला येणार नाही इतके उंच टांगावे आणि बाळ हातांवर भार देऊन उठू लागले, की काढून टाकावे. मच्छरदाणी ताणून बसवलेली असावी. बाळाला झोपवावे ते नेहमी पाठीवर. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने बाळाला पालथे न झोपवण्याचा सल्ला १९९२ मध्ये दिला. त्यानंतरच्या वर्षांत तेथील झोपेतील आकस्मिक बालमृत्यूंचे प्रमाण निम्म्याहून खाली आले.

‘आम्ही नाही का वाढलो?’ असे आजोबा विचारतात. वाढलात, हे खरेच. पण ज्या घरांत अपघात झाला, तेथे तो दैवाचा भाग मानून कोणी त्याची वाच्यता केली नाही. आपण केले ते त्या काळच्या ज्ञानाने केले. सुनेचा आग्रह हा आपल्या संगोपनावरचा आक्षेप नव्हे.

खाट नाकारावी लागली, तर बाळाचे काही अडत नाही. आईच्या खोलीत, जमिनीवर अंथरलेली, भिंतीपासून दूर असलेली लहान, कठीण, सपाट गादी ही संशयास्पद खाटेपेक्षा अधिक सुरक्षित. मात्र बाळाला छातीशी घेऊन सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत डुलकी घेऊ नये. ती जागा सर्वांत धोक्याची. रात्री झोपेची गोळी घेणाऱ्यांनी बाळाला आपल्या अंथरुणात घेऊ नये.

आता आजींच्या पाठीविषयी. पहिले काही महिने गादीची फळी वरच्या पातळीवर ठेवता येते, त्यामुळे फारसे वाकावे लागत नाही. बाळ बसू लागण्यापूर्वी ती खाली उतरवावीच लागते. हाडे ठिसूळ झाल्याचे निदान झालेल्यांनी कठड्यावरून वाकून बाळ उचलू नये. मणका दबून मोडण्याची भीती असते. ते काम तरुण हातांवर सोपवावे आणि आपण बसल्या जागी बाळ मांडीवर घ्यावे. हे सांगताना संकोच नको.

माळ्यावरची खाट बहुतेक वेळा या कसोट्यांना उतरणार नाही, हे मला ठाऊक आहे. तिच्यावर जीव असेल, तर बाळाची दुपटी व झबली ठेवायला ती वापरावी. शेजाऱ्यांची चार-पाच वर्षांची, सर्व भागांसह असलेली, स्थिर कठड्याची खाट मात्र टेप लावून, हलवून, उजेडात पाहून खुशाल घ्यावी. शंका उरली, तर निर्णय बाळाच्या आईवडिलांवर सोपवावा आणि वाचलेले पैसे नव्या गादीसाठी त्यांच्या हाती द्यावेत.