कोण कुणाचा मुलगा? आधी पान दाखवा

एइचिरो ओदा यांची ‘वन पीस’ ही समुद्री चाच्यांची मांगा, म्हणजे चित्रकथा, जुलै १९९७ मध्ये जपानच्या ‘शोनेन जंप’ या साप्ताहिकात सुरू झाली. तिचे शंभराहून जास्त खंड निघाले, तरी गोष्ट अजून चालूच आहे. एवढा काळ चाललेल्या कथेत मोकळ्या जागा राहणारच. नायक लुफीची आई कोण, शँक्स या चाच्याचा जन्म कुठल्या घरात झाला, अमुक माणसाला तमुक माणूस पाहून घाम का फुटला, अशा प्रश्नांवर वाचक वर्षानुवर्षं तर्क लढवत आले आहेत. या तर्कांना सगळीकडे ‘फॅन थिअरी’ म्हणतात. एखादी थिअरी खरी ठरली की मांडणाऱ्याचा जयजयकार होतो आणि खोटी ठरली की त्याची टर उडवली जाते. ही पारख मला मुळातच चुकीची वाटते. थिअरी म्हणजे भविष्य नव्हे, ते वाचन आहे. तिचा कस लावायचा तो छापून आलेल्या पानांवर. पुढे काय छापून येईल, यावर तो ठरत नाही.

सांजीचंच घ्या. लुफीच्या जहाजावरचा हा आचारी आपल्याला पहिल्यांदा भेटतो तो ईस्ट ब्लू समुद्रातल्या एका तरंगत्या उपाहारगृहात. पुढे नोरलँड नावाच्या थापाड्याच्या गोष्टीचं पुस्तक निघतं, तेव्हा तो सहज सांगून जातो की आपला जन्म नॉर्थ ब्लूमधला. ओदांच्या जगात या दोन समुद्रांच्या मध्ये रेड लाइन ही खंडाची प्रचंड भिंत उभी आहे, एखादं लहान मूल ती सहजासहजी ओलांडू शकत नाही. त्याआधी आलाबास्टा या वाळवंटी देशातल्या लढाईत सांजीने शत्रूला आपलं नाव ‘मिस्टर प्रिन्स’ असं सांगितलं होतं. मग ड्रेसरोझा बेटावरच्या प्रकरणानंतर इनामाची नवी पत्रकं निघाली. सगळ्यांच्या पत्रकावर नेहमीप्रमाणे ‘जिवंत किंवा मृत’ असं छापलेलं होतं. सांजीच्या पत्रकावर रक्कम होती १७ कोटी ७० लाख बेरी आणि खाली शब्द होते ‘फक्त जिवंत’. ज्याला सरकारने मेला तरी चालेल म्हणून घोषित केलं होतं, तो आता कुणाला तरी धडधाकट हवा होता, आणि त्या कुणाचा तरी शब्द सरकारदरबारी चालत होता. ही तीन पानं शेजारी ठेवून जे वाचक म्हणाले की सांजीचं नॉर्थ ब्लूमध्ये एखादं मातब्बर घराणं असणार, त्यांनी हवेत तीर मारला नव्हता. २०१६ मध्ये तो व्हिन्समोक राजघराण्यातला तिसरा मुलगा निघाला. समजा निघाला नसता, तरीही ते वाचन चोखच राहिलं असतं, कारण त्याने विखुरलेल्या तीन तपशिलांना अर्थ दिला होता.

आता याच्या दुसऱ्या टोकाची थिअरी पाहू. आलाबास्टातला खलनायक क्रोकोडाइल हाच लुफीची आई, असं मानणारे वाचक आहेत. आधार काय? इम्पेल डाउनच्या तुरुंगात आयवानकोव्ह हा कैदी त्याला बजावतो की तुझं एक गुपित मला ठाऊक आहे, आणि एरवी कुणाला न जुमानणारा क्रोकोडाइल गप्प बसतो. आयवानकोव्हच्या अंगी माणसाचं लिंग बदलण्याची शक्ती आहे. त्यामुळे क्रोकोडाइल पूर्वी बाई असावा, इथपर्यंतचा तर्क मला मान्य आहे, त्याला पान आहे. त्यापुढची उडी मात्र निव्वळ हौसेची. नौदलाच्या मरीनफोर्ड तळावर तो लुफीचा मानलेला भाऊ एस याच्या मारेकऱ्यांना आडवा आला, हे पुरावा म्हणून सांगितलं जातं, पण नौदलाला आनंद मिळू नये हे त्याचं कारण त्याच प्रसंगात स्पष्ट येतं. आणि आलाबास्टाच्या वाळवंटात लुफीच्या पोटात आकडा खुपसून त्याला मरायला सोडून देणारा क्रोकोडाइल या थिअरीत कुठे बसवायचा? नको ती पानं बाजूला सारायची, ही वाचनाची रीत नाही. उद्या ओदांनी खरोखर तसंच लिहिलं, तरी आजची थिअरी कच्चीच म्हणावी लागेल.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो वजनदार आहे. दर आठवड्याला पानं देणारा लेखक पंचवीस वर्षांपूर्वी सगळं ठरवून बसला होता कशावरून? मागे टाकलेला एखादा तपशील तो पुढे सोयीने उचलत असेल, मग त्याला ‘खूण’ म्हणणं हा वाचकाचा भाबडेपणा नाही का? लाबून या देवमाशाची कथा इथे कामी येते. १९९९ मध्ये आपण तो पाहिला, डोकं भिंतीवर आपटत पन्नास वर्षं आपल्या चाच्यांची वाट पाहणारा. ते भित्रे पळून गेले, असं तेव्हा सांगितलं गेलं. २००७ मध्ये ब्रूक हा सांगाडा आला आणि पुढे उलगडलं की आजारी कप्तान काही सोबत्यांना घेऊन माघारी फिरला होता. बाकीचे दिलेल्या शब्दासाठी पुढे गेले आणि सगळे मेले. ब्रूक दुसऱ्यांदा जिवंत झाला, आणि लाबूनला ओळख पटावी म्हणून त्याने आपल्या डोक्यावरचा केसांचा गुंता जपला. हे ओदांनी आधी योजलं की मागाहून सुचलं, याने माझ्या मुद्द्याला बाध येत नाही. जुनं पान नव्या पानाला धरून आहे की नाही, एवढंच वाचकाला तपासता येतं. लेखकाच्या मनात शिरण्याचा दावा थिअरीवाल्याने करूच नये.

दुसरी तक्रार रसभंगाची. छपाईआधी पानं फोडणाऱ्यांना ती खुशाल लावावी, थिअरीला ती लागू पडत नाही. लुफी आणि एस यांचा मानलेला भाऊ साबो लहान असताना त्याच्या बोटीवर तोफ डागली गेली ते प्रकरण २०१० मधलं. प्रेत दाखवलं नाही म्हणजे साबो जिवंत आहे, असं असंख्य वाचक तेव्हाच म्हणाले, आणि ड्रेसरोझात तो खरोखर परतला. पण जिवंत होता तर एसला वाचवायला का आला नाही? त्याची स्मृती गेली होती. ती परत आली एसच्या मृत्यूची बातमी वर्तमानपत्रात वाचताना, म्हणजे भाऊ आठवला तो गेल्यानंतर. अंदाज बरोबर आला म्हणून त्या पानांची धार बोथट झाली नाही. उलट ‘मग इतके दिवस होता कुठे’ हा प्रश्न घेऊन बसलेल्या वाचकालाच तो घाव जास्त लागला असणार.

‘चित्रकथेवर एवढा काथ्याकूट कशाला’ असं विचारणाऱ्यांना इरावती कर्वे यांच्या ‘युगान्त’ची आठवण करून द्यायला हवी. युधिष्ठिर हा विदुराचा मुलगा असावा का, हा प्रश्न त्यांनी महाभारताच्या आधाराने तपासला. मांडव्याच्या शापाने धर्मच विदुर म्हणून जन्मला, आणि वनात प्राण सोडताना विदुर योगबळाने युधिष्ठिराच्या देहात शिरला, असे दुवे मूळ ग्रंथात आहेतच. ग्रंथाची थोरवी वेगळी, हे मान्य. पण नात्याचा तर्क पुराव्यावर तोलायची ही रीत मराठी वाचकाला अनोळखी नाही.

माझी स्वतःची खरी अडचण वेगळीच आहे. बहुतेक थिअऱ्या रक्ताचं नातं शोधण्यावर थांबतात, आणि ही कथा तर रक्ताला थारा देत नाही. एस हा चाच्यांचा राजा रॉजर याचा मुलगा. त्याच्या आईने, रूजने, सरकारला सुगावा लागू नये म्हणून वीस महिने त्याला पोटात वाढवलं. ते रक्त एसला शापासारखं वाटलं, त्याने आईचं आडनाव लावलं आणि बाप मानला व्हाइटबिअर्डला. सांजीने राजा असलेल्या बापाला नाकारलं आणि आपल्या वाटचं अन्न त्याला देणाऱ्या, एका पायाच्या झेफला बापाचा मान दिला. लुफी, एस आणि साबो भाऊ झाले ते साकेचा प्याला पिऊन. लुफीचा सोबती झोरो याचं वानो देशातल्या शिमोत्सुकी घराण्याशी नातं आहे, हे वाचकांनी फार पूर्वी ताडलं होतं. ओदांनी ते २०२३ मध्ये मान्य केलं, तेही खंडातल्या प्रश्नोत्तरांच्या सदरात, कथेत नव्हे. कथेला त्या माहितीची गरज पडली नाही. म्हणून जन्माचं गुपित ओळखून जी थिअरी थांबते, ती पुराव्याला पक्की असली तरी अर्धीच आहे. हा जन्म कळल्यावर तो माणूस कुणाला आपलं म्हणेल, हेही तिने सांगायला हवं, आणि त्यासाठीही पान दाखवायला हवं.